पेन्सिलीएवढं भोक

टाकीत उतरण्याआधी अस्तरवाली धुतलेले पायमोजे चढवायची आणि सगळे खिसे उलटे करायची. किल्ली नको, पेन नको, केसांतली पिन नको. "आत पडलेली वस्तू मला सापडेल तेव्हा सापडेल, अस्तराला ती आधी टोचते," असं तिचं म्हणणं. एकदा रुग्णालयाच्या समितीचे सचिव मोठ्या हौसेने काम बघायला आले, तर तिने त्यांना कमरेचा पट्टा काढायला लावला, कारण त्याचं बक्कल टोकदार होतं. सचिव एका हाताने पँट आणि दुसऱ्या हाताने शिडी धरून आत उतरले, पाच मिनिटं इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं आणि पुन्हा कधी तिच्या कामात नाक खुपसायला आले नाहीत.

मूळची ती शिंपीण. मामाच्या दुकानात कोटांना अस्तर लावण्याचं काम तिच्याकडे असे. एके दिवशी टाक्यांची कामं करणारा एक म्हातारा मिस्त्री फाटलेली प्लॅस्टिकची जाड चादर घेऊन आला आणि म्हणाला, "पोरी, एवढी शिवून दे." ती हसत सुटली. "काका, सुईने शिवलं तर पाण्याला दर टाक्याला एक दार होईल. तुम्हाला टाकी हवी आहे की चाळणी?" म्हाताऱ्याला तिचा आगाऊपणा आवडला. त्याने तिला चादरीचे दोन काठ गरम हवेने एकजीव करायला शिकवलं, आणि चार वर्षांत ती त्याच्या पुढे गेली. तिथे सुई नाही, दोरा नाही. पण दोन चादरींच्या सांध्याला ती शेवटपर्यंत शिवणच म्हणत राहिली, आणि तिच्यामुळे बाकीचेही म्हणू लागले.

काम तसं समजायला सोपं आहे. जुनी लोखंडी टाकी आतून गंजायला लागते, पाणी लालसर येतं, सांध्यांतून झिरपतं. ती मोडीत काढण्याऐवजी घासूनपुसून आत सगळीकडून ही चादर बसवतात. पाणी मग पत्र्याला शिवत नाही. पाणी अस्तराने धरायचं आणि पाण्याचा भार पत्र्याने सोसायचा, अशी ती वाटणी.

आणि टाकीच्या पायथ्याशी, पत्र्यात, एक भोक ठेवायचं. पेन्सिल जाईल एवढं. अस्तर कधी कुठे फाटलं, तर आतलं पाणी अस्तर आणि पत्रा यांच्या मधल्या फटीतून खाली उतरतं आणि त्या भोकातून थेंब थेंब बाहेर येतं. थेंब दिसला की समजायचं, आत बघायची वेळ झाली. दिसायला अगदी फालतू भोक, पण सगळ्या टाकीत खरं बोलणारी तेवढी एकच जागा.

अस्तरवालीचा नवरा पेंटर. दोघांची गाठ पडली तीही टाकीवरच. तो बाहेरून दोरीला लोंबकळत रंग देत होता, आणि आतून कुणीतरी ओरडलं, "बाहेर कोण धपाधप आपटतंय? माझी शिवण हलतेय!" मग वरच्या झाकणातून घामाने निथळणारं, संतापलेलं एक डोकं बाहेर आलं. पेंटर त्याच क्षणी गारद झाला. पुढे लग्न झालं, लेक झाली, आणि टाक्यांची कामं दोघांना जोडीनं मिळू लागली. आतली बाजू तिची, बाहेरची त्याची. लोक गमतीने म्हणत, यांना भांडायला जागाच नाही. लोकांना काय माहीत. भांडायला घर होतं की!

पण तिच्या कामाबद्दल पेंटर कधी अवाक्षर ऐकून घेत नसे. चहाच्या टपरीवर, रंगाच्या दुकानात, जिथे चार माणसं भेटतील तिथे तो सुरू होई. "आमच्या हिची टाकी गळत नाही. पैज लावा." ऐकणारे कंटाळून जात. दुकानदार तर त्याला बघितल्याबरोबर म्हणे, "गळत नाही, माहीत आहे. रंग कोणता देऊ?"

दरवर्षी तपासणीला दोघं जात. ती वर चढून झाकण उघडून पाणी बघे, काठ बघे, आणि वरूनच हाक मारी, "अहो पेंटर, खालचं कोरडं?"

"कोरडं!" पेंटर खालून सांगे.

ती वहीत तसं लिही. वर चढलेलं माणूस पुन्हा खाली येऊन नवऱ्याचा शब्द पारखून बघत नाही. आणि तसं पाहिलं तर पेंटर खोटंही बोलत नव्हता. खालचं खरोखर कोरडंच असे. कारण त्याने ते भोकच बुजवून टाकलेलं होतं.

आता याला काय म्हणावं! हा माणूस कामचुकार नव्हता, लबाड तर नव्हताच. झालं होतं असं, की आठ वर्षांपूर्वी रुग्णालयाची टाकी हे तिचं पहिलं मोठं काम. दोन मजले उंच, दोन लाख लिटरची. समितीतली निम्मी माणसं म्हणत होती, शिंपीणबाईला कसलं काम देताय? कपडे शिवणं वेगळं. ती समितीसमोर ताठ उभी राहून म्हणाली होती, "एक थेंब खाली पडला, तर पुन्हा तोंड दाखवणार नाही." काम पुरं होऊन टाकी भरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समिती ताबा घ्यायला येणार होती. पेंटर दोन तास आधी हात फिरवायला म्हणून गेला आणि त्याला तो थेंब दिसला. पायथ्याच्या भोकाशी जमायचा, फुगायचा, पडायचा. मिनिटाला तीन, कधी चार. समितीच्या मोटारीचा आवाज येतोय का म्हणून तो रस्त्याकडे कान लावून बसला होता, आणि हात आपोआप डब्याकडे गेला. दोन डब्यांची, मिसळून लावायची, दगडासारखी घट्ट होणारी पुट्टी. भोक बंद झालं. त्यावर रंगाचा हात. समिती आली, टाकीभोवती फिरली, खाली वाकवाकून बघितलं, आणि सचिवांनासुद्धा नाइलाजाने म्हणावं लागलं, "उत्तम."

त्या दिवशी घरी परत येताना ती लहान मुलीसारखी बडबडत होती. पेंटर सांगणार होता. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत मूग गिळून राहिला. मग पुढची टाकी आली. तिचं भोक कोरडं होतं, तरी पेंटरने तेही बुजवलं. मग पुढचं. आठ वर्षांत सतरा टाक्या, आणि सतराच्या सतरा बंद.

यंदा रुग्णालयाच्या टाकीला नवा रंग द्यायचा होता. टाकी धुलाईघराच्या मागे. दुपारपर्यंत तिची सावली पडते, म्हणून तिथे लांब बाक टाकलेले. पेशंटचे नातेवाईक डबे, पिशव्या घेऊन तिथे बसलेले असतात. त्या सकाळी डझनभर माणसं असतील. ती शिडीने वर गेली. पेंटर पायथ्याशी उकिडवा बसून जुना रंग खरवडू लागला. एका जागी रंगाला बशीएवढा फुगवटा आला होता. त्याने खरवडायची पत्री टेकवली मात्र, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावी तशी ती आत गेली. लोखंडात! पत्रीच्या कडेने चहाच्या रंगाचं, कुबट वासाचं पाणी ओघळू लागलं.

पेंटरला लगेच सगळं समजलं. त्या चार थेंबांनी बाहेर पडायचं होतं. त्यांना बाहेर पडू दिलं नाही, म्हणून ते आठ वर्षं आत साठले, अस्तरामागे दडून राहिले आणि पत्रा आतून खात राहिले. बाहेरून त्याचा रंग तेवढा शाबूत. गेल्या वर्षी याच जागेवर त्याने स्वतः शेवटचा हात मारला होता आणि दोन पावलं मागे सरून कौतुकाने बघितलं होतं.

"अहो पेंटर!" वरून हाक आली. "खालचं कोरडं?"

पुट्टीचे डबे हाताशी होते. पंधरा मिनिटांत घट्ट होईल, संध्याकाळपर्यंत रंग बसेल. कुणी बघितलं नव्हतं. त्याने एक डबा उघडलासुद्धा. तेवढ्यात बाकावरची एक बाई पाणी आपल्याकडे येतंय बघून पिशवी मांडीवर घेऊन जरा सरकली आणि दमलेल्या माणसासारखी पाठ मागे टेकून बसली. पाठ टाकीलाच टेकली होती.

"नाही!" पेंटर ओरडला.

"काय नाही?"

"कोरडं नाही! खाली ये. आत्ताच्या आत्ता."

ती आली. ओल्या पत्र्यावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि मग डावीकडे दोन वितींवर असलेल्या त्या जागेकडे वळली, जिथे भोक असायला हवं होतं. रंगाखाली किंचित उंचवटा होता. नखाने खरवडल्यावर करडी पुट्टी दिसली. तिने पेंटरकडे एकदा बघितलं. फक्त एकदा, आणि तेही क्षणभरच. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. मग तिने त्याच्याकडे पाठ केली आणि ती कामाला लागली.

"उठा मंडळी," ती बाकांपाशी जाऊन म्हणाली. "टाकी धोक्याची आहे. सामान घ्या, पलीकडच्या भिंतीशी बसा. आजोबा, तुम्हीसुद्धा."

"ऊन आहे ग तिकडे."

"ऊन परवडलं. उठा."

धुलाईघर रिकामं केलं, टाकीत पाणी येणारा व्हॉल्व्ह बंद केला, दोरी बांधून वाट अडवली, आणि मगच ती मेट्रनबाईंच्या खोलीत गेली. मेट्रनबाई म्हणजे जमदग्नीचा अवतार. रुग्णालय आपणच चालवतो असं त्यांना वाटे, आणि ते बऱ्यापैकी खरं होतं.

"टाकी आजच रिकामी करायला हवी," ती म्हणाली. "खालचा पत्रा गेलाय. छोट्या टाकीवर किती वेळ निभेल?"

"दोन दिवस. ऑपरेशनं पुढे ढकलावी लागतील. अगं, पण आठ वर्षांत त्या टाकीतून एक थेंब आलेला नाही!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

ही गोष्ट ऐकणाऱ्याला इथे वाटेल, की एवढा घाव बसलेलं माणूस हातपाय गाळून बसेल. ती बसली नाही. तिने आधी छिन्नीने त्या भोकातली पुट्टी फोडून काढली. आठ वर्षं कोंडलेलं पाणी पिचकारीसारखं सुटलं. मग मोठा नळ सोडून ती टाकी उपसत राहिली, आणि दर अर्ध्या तासाला वर चढून काठीने पाण्याची खोली मोजत राहिली. ही तिची पद्धत. अस्तराला छेद कुठे आहे हे शोधायला लोक दिवे घेऊन, भिंगं घेऊन आत रांगतात. ती पाण्यालाच विचारायची. टाकीतलं पाणी छेदाच्या खाली उतरलं, की भोकातून येणारी धार मरते. ज्या उंचीवर धार मरेल, त्या उंचीवर शोधायचं. दुपार कलली तेव्हा धार बारीक झाली, मग थेंबांवर आली, आणि तळाला वीतभर पाणी उरलं असताना थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोथट टोकाचा लहान हूक घेऊन आत उतरली. शिवणीच्या कडेने हूक फिरवायचा. कुठे टोक आत गेलं, तर तिथे चादरी एकजीव झालेल्या नाहीत. तळाजवळ, पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या वळणाशी, हूक बोटभर लांबीत आत गेला. तिला ती जागा आठवली. त्या दिवशी गरम हवेची बंदूक मधूनच गार पडत होती. तिथे पुन्हा हात फिरवायचा म्हणून ती पुढे सरकली होती, आणि फिरवला असंच आठ वर्षं समजून चालली होती.

वर येऊन ती टाकीच्या छपरावर बसली. पेंटर शिडीच्या टोकाशी उभा होता. वर यावं की खाली जावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"कधी बुजवलंस?" तिने विचारलं. लग्नाला वीस वर्षं झाली होती, आणि आज पहिल्यांदा ती त्याला अरेतुरे करत होती.

"समिती यायच्या आधी. सकाळी."

"गळत होतं?"

"थेंब थेंब. मिनिटाला तीन-चार."

"मोजलेस?"

"मोजले."

"मोजलेस, आणि मला सांगितलं नाहीस."

"अगं, सगळे हसले असते तुला. तू काय बोलून बसली होतीस ते आठव. चारचौघांत तुझं नाक कापलं गेलं असतं. मला ते बघवलं नसतं."

"अर्ध्या तासाचं काम होतं," ती म्हणाली. "बंदूक गरम करायची, बोटभर शिवण भाजायची, रूळ फिरवायचा. हसू दिलं असतंस. अर्धा तास हसले असते."

पेंटर शिडीच्या वरच्या पायरीवर वाळलेला रंग नखाने खरवडू लागला.

"आणि बाकीच्या सोळा? त्याही गळत होत्या?"

"नाही ग. त्या कोरड्या होत्या."

"मग त्यांची भोकं का बुजवलीस?"

"पुन्हा तसं काही व्हायला नको, म्हणून."

तिने खाली मोकळ्या बाकांकडे बघितलं. "म्हणजे टपरीवर पैजा लावत फिरायचास," ती म्हणाली, "आणि मनात पक्कं होतं, की हिचं काम आज ना उद्या गळणारच."

पेंटरने या बाजूने कधी विचारच केला नव्हता. आपण प्रेमापोटी केलं, एवढंच तो आठ वर्षं स्वतःला सांगत आला होता. पण ती म्हणत होती ते खरं होतं.

घरात पुढचे काही दिवस लेकीच्या मध्यस्थीने बोलणी चालली. "बाबांना म्हणावं, चहा झालाय." "आईला म्हणावं, आलो." कॉलेजातली लेक तिसऱ्या दिवशी वैतागली. "मी काय टेलिफोन आहे? दोघं एकाच खोलीत आहात!" तिला सगळं सांगितलं गेलं तेव्हा ती बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, शहाणपणाची कमालच केलीत." आणि मग हळूच त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला.

समितीची बैठक झाली. पेंटर मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसला होता. तो उभा राहून सगळं आपल्या अंगावर घेणार होता. वाक्यं पाठ करून आला होता. तिने त्याला संधीच दिली नाही. "शिवण माझी सुटली होती," ती म्हणाली. "भोक आमच्याच माणसाने बुजवलं. आणि आठ वर्षं मी वहीत कोरडं लिहिलं, एकदाही खाली वाकून न बघता. तिन्ही गोष्टी लिहून आणल्या आहेत, खाली सही आहे." पेंटरला वाटलं, आपण जे झाकायला आठ वर्षं धडपडलो, ते या बाईने दोन मिनिटांत टेबलावर ठेवलं, आणि तिचं कुठे काही कमी झालेलं दिसत नाही. सचिवांनी मात्र पट्ट्याचा राग जपून ठेवला होता. नवा पत्रा बसल्यावर अस्तराचं काम दुसऱ्याला द्यावं, असं ठरलं. एकट्या मेट्रनबाईंनी विरोधात हात वर केला, आणि बैठक संपेपर्यंत तो खालीच घेतला नाही.

काम गेल्याचं तिला लागलं. घरी येऊन ती रडली, आणि लपवून रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने टाकीची सगळी मापं नव्या माणसाला नेऊन दिली आणि पायथ्याशी खडूने खूण करून सांगितलं, "भोक इथे ठेवा. आणि रंगवाल्याला बजावून ठेवा."

मग त्या सोळा टाक्या. तिने प्रत्येक मालकाला स्वतः जाऊन सांगितलं, आणि प्रत्येक भोक पेंटरलाच उघडायला लावलं. ती शेजारी उभी राही, हाताची घडी घालून. मालक हैराण. "चांगली धडधाकट टाकी, तिला भोक कसलं पाडताय?" बिस्किटांच्या कारखान्याचा मालक तर म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही म्हणत होता, गळत नाही. आता म्हणता, गळतंय का ते बघू या. मी नक्की कुणावर विश्वास ठेवू?"

"भोकावर," ती म्हणाली.

पेंटर ड्रिल लावी, पुट्टीचा भुगा पडे, आणि दोघं थांबत. तासभराचा तो थांबा पेंटरला जेवढा जड जाई, तेवढं अख्ख्या आयुष्यात काही जड गेलं नव्हतं. आधी प्रत्येक भोक कोरडं निघावं म्हणून तो मनातल्या मनात हात जोडी. तेरा कोरडीच निघाली. दोन ओली निघाली, ती तिने त्याच आठवड्यात दुरुस्त केली. पत्रा अजून शाबूत होता. सोळावी टाकी मुलींच्या वसतिगृहाची. तिथेही भोकाशी थेंब जमला, फुगला आणि पडला. पेंटरने तो बघितला, आणि तिने विचारायच्या आत म्हणाला, "ओलं आहे."

टाकी उपसली. ती आत उतरली. पेंटर झाकणापाशी बसून हवेचा पंखा सांभाळत होता. तासाभराने आतून आवाज आला, "चपला बाहेर काढा आणि आत या."

"कोण, मी?"

"मग काय पंख्याला बोलावतेय?"

पेंटर शिडी उतरला. सतरा टाक्यांना त्याने बाहेरून रंग दिला होता. आतून आज पहिलीच बघत होता. झाकणातून उन्हाचा एक पट्टा खाली आला होता, आणि सगळीकडे फिकट निळी, गुळगुळीत भिंत. उभ्या शिवणी वरपासून खालपर्यंत सरळ, ओळंब्यात, दोन शिवणींत तंतोतंत तेवढंच अंतर. तळाशी, जिथे भिंत आणि जमीन भेटतात तिथे, कोटाच्या काखेत असतो तसा मऊ गोल. पाइपाच्या तोंडाशी तर तिने चादरीच्या पाकळ्या एकावर एक अशा बसवल्या होत्या, की तो बघतच राहिला. हे सगळं पाण्याखाली जायचं. कुणालाच दिसायचं नाही. आपण इतकी वर्षं टपरीवर ज्याची बढाई मारत होतो, ते काम आपण कधी बघितलंही नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःची अतोनात लाज वाटली.

तिने त्याच्या हातात हूक दिला. "छेद मी बुजवलाय. आता खालची गोल शिवण तुम्ही तपासा. सगळी."

"मला काय त्यातलं कळतंय?"

"हूक आत जातो की नाही, एवढंच कळायला हवं."

तो गुडघ्यांवर बसला. हूक कडेला टेकवून इंच इंच सरकू लागला. तिने पाठ फिरवली आणि पलीकडे हत्यारं पुसत बसली. एक चादर झाली, दुसरी झाली. तिसरीच्या मध्यावर हुकाचं टोक किंचित अडलं, आणि आत गेलं. तांदळाच्या दाण्याएवढं. पेंटर थांबला. हूक काढला, पुन्हा लावला. पुन्हा गेला. तिने दिवसचे दिवस खपून केलेली शिवण. ती मागे वळून बघत नव्हती. तो नुसता पुढे सरकला असता तरी कुणाला कळलं नसतं. तिचा थकलेला खांदा त्याला दिसत होता, आणि तिला काही म्हणजे काही सांगू नये असं त्याला आतून वाटत होतं.

"इथे जातोय," तो म्हणाला. मग त्या जागेवर बोट ठेवून नीट सांगितलं, "इथे सुटली आहे तुझी शिवण. इथून बोटभर."

ती आली, शेजारी बसली, त्याच्या हातावर हात ठेवून तोच हूक तिने पुन्हा लावून बघितला. टोक गेलं.

"हो की," ती म्हणाली. आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की रुग्णालयाच्या समितीने उत्तम म्हटलं त्या दिवशीही पेंटरने तो बघितला नव्हता. तिने त्याच्या हातात विजेरी दिली, बंदूक सुरू केली, गरम हवेखाली चादर मऊ पडेपर्यंत वाट बघितली आणि रूळ फिरवला. पाच मिनिटांचं काम. पेंटरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि विजेरी हलू द्यायची नव्हती म्हणून त्याला ते पुसताही येत नव्हतं.

"थांबलात का?" ती बंदूक बाजूला ठेवत म्हणाली. "अजून अर्धी टाकी बाकी आहे."